मराठीत लिहून खेळायचा रोलप्ले ग्रुप सुरू करायचाय, कुठून सुरुवात करू?

घाटवाट_७
नमस्कार मंडळी. खूप दिवस डोक्यात आहे म्हणून शेवटी धागा काढतेय. मराठीत लिहून खेळायचा रोलप्ले ग्रुप सुरू करायचाय. ग्राफिक्स नाहीत, व्हिडिओ नाही, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या वतीने लिहायचं, समोरचा त्याच्या पात्राकडून उत्तर देतो आणि अशी मिळून गोष्ट पुढे सरकते. इंग्रजीत मी हे बरीच वर्षं खेळतेय, पण भांडताना, जेवताना, नवस बोलताना माझं पात्र इंग्रजीत बोलतं हे आता नको झालंय.

काळ ठरवलाय सातवाहनांचा, जागा नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल हा घाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही तिथे आहे, गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत, त्यामुळे समुद्रापलीकडची पात्रंही आणता येतील.

ओळखीतले सात-आठ जण तयार आहेत. जगाची माहिती लिहायला घेतलीय, नकाशा, घराणी, नाणी, सणवार, वही भरत आलीय. आता विचारायचंय ते असं की व्हॉट्सॲप, डिस्कॉर्ड, स्वतःचा फोरम की सरळ कोड लिहून मड, म्हणजे नुसत्या शब्दांतलं ऑनलाइन खेळाचं जग? नियम किती ठेवायचे? आणि दोन महिन्यांत सगळे गळून जातात ते कसं थांबवायचं?

कोरा_कागद
वाचतोय. पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). मलाही खेळायचंय, लिहिता येतं पण असं कधी खेळलो नाहीये.

जुनी_शाई
घाटवाट ताई, विषय काढलात हे फार बरं केलंत. कॉलेजात असताना टेलनेटवरून मड खेळायचो, नंतर फोरमवरचे खेळ, आणि आता एक छोटा मराठी ग्रुप चालवतो, त्यावरून सांगतो.

आधी ती वही बंद करा. फेकू नका, नंतर लागेल, पण आत्ता बंद करा. नवीन माणूस आला आणि त्याला तुम्ही घराण्यांची वंशावळ वाचायला दिलीत तर तो "वाचून सांगतो" म्हणून जातो तो जातोच. त्याला एवढंच कळायला हवं की मी कोण, कुठे उभा आहे आणि समोर काय चाललंय. घाटमाथा, रांजण, जकात घेणारा माणूस, खालून चढून आलेला तांडा आणि वर भरून आलेलं आभाळ, एवढ्यावर महिनाभर खेळता येतं. पैठणचा दरबार कसा होता हे कुणाचं तरी पात्र पैठणला निघेल तेव्हा बघू.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळं हिच्यावर आहे. ग्रुप चालतो तो सीन उघडणाऱ्या माणसांवर. लिहिणारे खूप भेटतात, कुणीतरी सुरुवात करून दिली की छान लिहितात. पण "चला, संध्याकाळ झालीय, बैल सोडलेत आणि एक बैल लंगडतोय, कोण येतंय बघायला" असं पहिलं वाक्य टाकणारा माणूस शंभरात एखादा. तो जर फक्त तुम्ही असाल तर तुम्हाला परीक्षा आली, घरात लग्न निघालं, ताप आला की ग्रुप बंद. म्हणून पहिल्या महिन्यात जगाचे तपशील वाढवण्यापेक्षा सीन उघडणारी निदान तीन माणसं तयार करा. त्यांना शिकवा, त्यांना अधिकार द्या, त्यांनी उघडलेल्या सीनमध्ये तुम्ही स्वतः साधं पात्र घेऊन खेळा आणि ते सांगतील ते ऐका. गळती थांबवायचा मला माहीत असलेला हा एकच उपाय आहे, बाकी बॉट, बॅज, लेव्हल वगैरे करून बघा हवं तर.

पॅच_बाई
+१ जुनी_शाई.

माध्यमाबद्दल मी सांगते. व्हॉट्सॲप ओळखीच्यांपुरतं ठीक, पण अनोळखी लोक घ्यायचे असतील तर नको. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि खेळात कुणाशी बिनसलं की तो माणूस रात्री फोन करू शकतो. शिवाय दोन सीन एकाच वेळी चालले की सगळं एकमेकांत मिसळतं.

डिस्कॉर्ड सोपं पडेल. प्रत्येक जागेचं वेगळं चॅनेल, गप्पांसाठी वेगळं, म्हणजे पात्र म्हणून बोलणं आणि माणूस म्हणून बोलणं वेगळं राहतं. हे वेगळं ठेवणं फार महत्त्वाचं आहे. टपरबॉक्ससारखा बॉट घेतला की तुमचा मेसेज पात्राच्या नावाने आणि चित्राने दिसतो, एकच माणूस तीन पात्रं चालवू शकतो. एक अडचण मराठीत जास्त जाणवते. डिस्कॉर्डवर फुकट खात्याला एका मेसेजला २००० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. त्यामुळे तीनएकशे शब्दांत मेसेज भरतो. मोठं लिहिणाऱ्यांना दोन तुकडे करावे लागतात, ते आधीच सांगून ठेवा नाहीतर मधेच दुसरा कुणीतरी उत्तर टाकतो आणि सीन विस्कटतो.

फोरमचा फायदा जुन्या गोष्टी शोधायला आणि वाचायला. डिस्कॉर्डवर सहा महिन्यांपूर्वीचा सीन काढून नवीन माणसाला वाचायला देणं कटकटीचं आहे. संपलेला सीन दर वेळी वेगळ्या फाईलमध्ये उतरवून ठेवायचं काम कुणाकडे तरी द्याच.

टर्मिनल_मराठी
मडबद्दल मी बोलू का, कारण माझा जीव त्यात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पहिलं मड १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने लिहायला घेतलं आणि नंतर रिचर्ड बार्टलने पुढे नेलं. कॉम्प्युटरच्या आत लिहिलेल्या खोल्या, तुम्ही "उत्तर" अशी दिशा टाईप करता, पुढच्या खोलीचं वर्णन येतं, तिथे दुसरा जिवंत माणूस उभा असतो. १९८९ मध्ये टायनीमड आलं तेव्हापासून मारामारी कमी आणि गप्पा, बांधकाम, पात्रं रंगवणं जास्त अशी एक वेगळी शाखाच वाढली, आज आपण ज्याला रोलप्ले म्हणतो त्याच्या बऱ्याच सवयी तिथल्या.

आज करायचं तर एव्हेनिया हे मड बनवायचं सॉफ्टवेअर बघा. पायथॉनमध्ये आहे, फुकट आहे, ब्राउझरमधून खेळता येतं. ब्राउझर महत्त्वाचा कारण जुन्या टर्मिनलवर आपली जोडाक्षरं तुटतात आणि अक्षरं जुळवून काढलेले नकाशे वाकडेतिकडे होतात.

पण मराठी कमांड घ्यायच्या म्हटलं तर काम आहे. इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि प्रोग्राम पहिला शब्द बघून ठरवतो काय करायचं. आपण म्हणणार "कंदील उचल", "मडक्यात नाणं टाक". शेवटचा शब्द आधी वाचायला शिकवलं की हे सुटतं. खरा त्रास सामान्यरूपाचा. वस्तूचं नाव "मडकं", माणूस लिहिणार "मडक्यात". "घोडा" पण "घोड्यावर". "विहीर" पण "विहिरीत", म्हणजे मधली वेलांटीसुद्धा बदलली. नुसते प्रत्यय कापून चालत नाही, मी शेवटी प्रत्येक वस्तूला तिचं सामान्यरूप हातानेच लिहून ठेवायला लागलो, मडकं-मडक्या, विहीर-विहिरी, आणि मग सगळं सुरळीत चाललं.

दुसरं म्हणजे आपोआप येणारे संदेश. "अमुक आत आला" की "आली"? येण्याजाण्याची तिन्ही लिंगांची रूपं ठेवावीच लागतात. पण "गोमूने दार उघडलं" यात क्रियापद दाराप्रमाणे चालतं, गोमू बाई की बुवा हे प्रोग्रामला कळायची गरजच नाही. त्यामुळे शक्य तिथे संदेश असे लिहिले की निम्मी डोकेदुखी जाते.

घाटवाट ताईंना मात्र मी आत्ता मड सुचवणार नाही. आधी माणसं जमू देत, खोल्या नंतर बांधता येतात.

कोरा_कागद
बाप रे, विहिरीचं कधी लक्षातच आलं नव्हतं. मस्त माहिती.

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. चांगलं लिहिणं म्हणजे या खेळात काय? कथा लिहितो तसंच का?

जुनी_शाई
कोरा_कागद, प्राथमिक नाहीये हो, यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात. कथेत सगळी पात्रं तुमची असतात, इथे एकच तुमचं. समजा तांड्यातला एक पोरगा जकात चुकवून पळायला बघतोय आणि तो तुमचं पात्र आहे. तुम्ही लिहिलंत,

"पोरगा जकातदाराला ढकलून देतो, जकातदार पडतो, पोरगा करवंदीच्या जाळीत पळून जातो आणि कुणाला सापडत नाही."

वाक्य म्हणून ठीक आहे, पण जकातदार चालवणाऱ्या माणसाला तुम्ही काही ठेवलंच नाहीत. तो पडला की नाही हे त्याने सांगायचं. आता हे बघा,

"पोरगा जकातदाराच्या बगलेखालून निसटायला बघतो. घाईत कमरेची पिशवी सुटते आणि दगडावर आपटते. आत काहीतरी खणकतं. पोरगा थबकतो, पिशवी की जीव हे त्याला ठरवता येत नाहीये."

आता जकातदार त्याला धरू शकतो, पिशवीवर पाय ठेवू शकतो, किंवा बघून न बघितल्यासारखं करू शकतो. तांड्यातली म्हातारी मधे पडू शकते. पिशवीत काय आहे ते अजून कुणालाच माहीत नाही, तुम्हालासुद्धा माहीत असायची गरज नाही. तुमच्या पोस्टनंतर समोरच्याला तीन गोष्टी करता आल्या पाहिजेत, मी नवीन लोकांना एवढंच बघायला सांगतो. भाषा सुंदर असली तर आनंदच, पण साध्या मराठीत असं लिहिणारा माणूस मला अलंकारिक लिहिणाऱ्यापेक्षा जास्त हवा असतो.

आणि एका सीनमध्ये तीन, फार तर चार पात्रं. पाच झाली की प्रत्येकाची पाळी यायला आठवडा लागतो आणि लोक थंड पडतात.

सायली_एनजे
मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून. वेळेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. इथे उन्हाळ्यात भारत साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा, कारण आमची घड्याळं बदलतात आणि तुमची नाही. तुमची रात्रीची जेवणं आटपतात तेव्हा मी ऑफिसात. "रविवारी रात्री नऊला सगळे या" असं ठेवलंत तर मी, लंडनचे, दुबईचे लोक कधी ना कधी सुटणारच.

आमच्या एका ग्रुपमध्ये असं करतात की सीनला पाळी असते आणि ४८ तासांत पोस्ट आली नाही तर पाळी पुढे जाते, पात्र तिथेच गप्प उभं आहे असं धरायचं, त्याला मारायचं नाही, पळवायचं नाही. त्या माणसाला जाबही विचारायचा नाही. ऑफिस, मुलं, सासरची माणसं, सगळ्यांनाच असतं. हा नियम आल्यापासून लोक सुट्टीवरून परत यायला लागले, आधी लाजून येतच नव्हते.

गडकरी_मावळा
कल्पना छान आहे, पण सातवाहन कुणाला माहीत आहेत? शिवकाळ घ्या ना, लोक धावत येतील. मी स्वतः महाराजांचं पात्र घ्यायला तयार आहे.

जुनी_शाई
मावळे, उत्साह कळतो. पण खऱ्या ऐतिहासिक व्यक्ती पात्र म्हणून कुणालाच देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे, आणि महाराज तर अजिबात नाहीत. खेळात पात्र चुकतं, हरतं, खोटं बोलतं, प्रेमात पडतं, त्यातूनच गोष्ट होते. महाराजांना कुणी चुकताना लिहिलं की वाद, आणि कधीच चुकू दिलं नाही की बाकीच्यांना करण्यासारखं काही उरत नाही. शिवकाळ घ्यायचाच असेल तर गडाखालच्या वाडीतला कुंभार, लोहार, निरोप्या घ्या, राजधानी लांब ठेवा. सातवाहनांचा फायदाच तो आहे, बहुतेकांना फारसं माहीत नाही त्यामुळे "असं नव्हतंच" म्हणत कुणी अंगावर येत नाही आणि आपल्याला शोधून शोधून वाचावं लागतं.

गडकरी_मावळा
हे पटलं. निरोप्या घेतो मग, सातवाहनांचाच.

घाटवाट_७
मावळे, नक्की या. पेरिप्लस म्हणून एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली पहिल्या शतकातली माहिती आहे, तिच्यात भडोचहून पैठणला दक्षिणेकडे वीस दिवसांचा प्रवास सांगितलाय आणि तिथून तेर हे ठिकाण पूर्वेला आणखी दहा दिवस. पैठणहून अकीक हा रंगीत खडा जायचा, तेरहून कापड. निरोप्याला वीस दिवसांची वाट म्हणजे केवढं लिहिता येईल!

पात्रांच्या नावांसाठीही एक सुचलंय. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असं आईवरून ओळख सांगायची पद्धत होती, तर प्रत्येकाने पात्राच्या आईबद्दल दोन ओळी लिहायच्या, बाकी इतिहास नको. आडनाव नाही, त्यामुळे आल्या आल्या जात शोधणं नाही.

रानजाई
मी जरा वेगळं आणि गंभीर लिहिते, कारण हा धागा वाचून कुणीतरी खरंच ग्रुप काढणार आहे.

१९९३ मध्ये लॅम्बडामू नावाच्या अशाच शब्दांच्या जगात एका खेळाडूने इतरांच्या पात्रांना जबरदस्तीने लैंगिक आणि हिंसक गोष्टी करताना दाखवलं. प्रोग्रामचीच एक सोय वापरून, म्हणजे पडद्यावर असं दिसत होतं की ती पात्रं स्वतःच करतायत. ज्यांची पात्रं होती त्या बायका खरोखर हादरल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ज्युलियन डिबेल यांनी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइसमध्ये त्यावर मोठा लेख लिहिला. त्या जागेच्या चालकांनी आधीच जाहीर केलं होतं की लोकांच्या भांडणात आम्ही पडणार नाही, त्यामुळे कारवाई करायची कुणी आणि कशी हेच ठरलेलं नव्हतं. खूप चर्चा झाली, एकमत झालं नाही, शेवटी एका चालकाने स्वतःच्या जबाबदारीवर ते खातं उडवलं, आणि त्यानंतर तिथे मतदानाची पद्धत आली.

म्हणून माझं म्हणणं, चार गोष्टी पहिल्या दिवशी लिहून ठेवा. कोणते विषय या खेळात येणारच नाहीत. कोणते येतील पण पडद्याआड, म्हणजे घडलं एवढंच कळेल, वर्णन नाही. कुणालाही कधीही "थांबा" लिहिता येईल आणि कारण विचारलं जाणार नाही, सीन तिथेच थांबतो. आणि तक्रार कुणाकडे करायची, दोन नावं हवीत, म्हणजे एकाविरुद्धच तक्रार असेल तर दुसरीकडे जाता येतं. आणि जे चालक असतील त्यांची पात्रं खेळात सत्तेच्या जागी नकोत. खेळातला राजा आणि ग्रुपचा चालक एकच माणूस झाला की त्याला नाही म्हणायला लोक घाबरतात.

अठरा वर्षांखालच्यांना घेऊ नका. भारतात २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं म्हणजे मूल आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची खात्रीशीर संमती लागते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मोठ्यांच्या सीनमध्ये मुलं नकोतच. खरं नाव, नंबर, गाव विचारूच नका. माहितीच नसेल तर ती फुटण्याचा प्रश्न येत नाही.

पॅच_बाई
रानजाई, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवलाय. "थांबा" साठी आमच्याकडे एक ठरलेलं चिन्ह आहे, फक्त तेवढं टाकायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे चालकांनी स्वतः ते साध्या साध्या गोष्टींसाठी वापरायचं, "मला सापांची भीती वाटते, दुसरं काहीतरी येऊ दे" इतक्या साध्या. तेव्हा कुठे बाकीचे वापरतात.

मालवणी_हुमण
बोलीभाषांचं काय ठरवताय? घाटाखालचा माणूस आणि घाटावरचा माणूस एकसारखं बोलणार नाही, आणि मला माझ्या पात्राला मालवणीत बोलवायला आवडेल. पण इतर ठिकाणी बघितलंय, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी आली की ते पात्र नोकर किंवा विदूषक, आणि शहाणं पात्र पुस्तकी बोलतं. ते मला फार लागतं.

घाटवाट_७
अगदी बरोबर बोललात. नियमातच घालते, जी बोली घरात बोलता तीच पात्राला द्या, येत नसेल तर साधी मराठी लिहा, आणि बोली हे पात्राच्या अकलेचं माप धरायचं नाही. तुमचा मालवणी बोलणारा माणूस बंदराकडचा मोठा व्यापारी असू दे ना, माझ्या जकातदाराला त्याच्यापुढे घाम फुटू दे.

भाकरतुकडा
अवांतर: कृपया कुणीही भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा लिहू नका. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका हे सगळं पोर्तुगीजांनंतर आलेलं. मिरी आहे, आलं आहे, चिंच आहे, तीळ आहेत, ताक आहे. हवी तर खाण्याची यादी मी करून देतो.

जुनी_शाई
यादी द्याच. फक्त कुणी चुकून मिरची लिहिलीच तर ते गप्पांच्या चॅनेलवर सांगा, सीनच्या मधे नको. नवीन माणसाची पहिलीच पोस्ट चारचौघांत दुरुस्त केली की तो दुसरी लिहीत नाही.

अजून एक, सीन संपवायला शिका. उघडण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. चर्चा रेंगाळायला लागली की उघडणाऱ्याने सांगायचं, "एकेक शेवटची पोस्ट टाका", आणि बंद. अर्धवट सोडलेले सीन साठले की सगळ्यांच्या मनावर ओझं होतं, लॉगिन करायलाच नको वाटतं.

घाटवाट_७
सगळ्यांचे खरंच आभार, इतकं नेमकं सांगाल असं वाटलं नव्हतं. तर ठरलं ते असं. डिस्कॉर्ड, फक्त अठरावरचे, रानजाईंच्या चार गोष्टी सगळ्यात वर. ४८ तासांची पाळी. जागा एकच, घाटमाथा. वही बंद. सुरुवात मी करते, ही पहिली पोस्ट,

"पाऊस अजून आला नाहीये पण वारा फिरलाय. तांड्यातले बैल वर पोचले तेव्हा रांजणाजवळ कुणीच नाही. जकातदाराची घोंगडी आहे, काठी आहे, तो नाही. मागच्या बैलावरचं कापडाचं ओझं एका बाजूला कललंय आणि दोर करकरतोय."

कोरा_कागद, तुम्ही तांड्यातला तो पोरगा घ्या. मालवणी_हुमण, ओझं तुमच्या व्यापाऱ्याचं. जुनी_शाई, जकातदार मी घेणार होते, पण चालकांनी सत्तेच्या जागी बसायचं नाही असं ठरलंय, तर तुम्ही चालवाल का?

जुनी_शाई
चालवतो, पण दोन सीनपुरताच. तिसरा सीन कोरा_कागद उघडतील, मी त्यांच्याबरोबर बसून पहिली पोस्ट लिहायला मदत करेन. सायली, तुमच्याकडे सकाळ होते तेव्हा इथे संध्याकाळ, तर चौथा तुम्ही घ्या.

कोरा_कागद
तिसरा?? बरं, घेतो. बैल लंगडणार आहे, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.